खिळ्याजवळचा दाणा

अवधूताने चोवीस गुरू केले, ही कथा आपण सप्ताहात कधी ना कधी ऐकलेली असतेच. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात सातव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत ती चालते. यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. पुढे-मागे कोणी नाही, जवळ काही नाही, आणि मुद्रा मात्र प्रसन्न. राजा विचारतो, तुला हे समाधान लाभले कोठून? अवधूत म्हणतो, माझे गुरू पुष्कळ आहेत. आणि नावे घेऊ लागतो. पृथ्वी, वारा, आकाश इथपर्यंत कोणाला नवल वाटत नाही. पण पुढे अजगर येतो, मासा येतो, पिंगला येते, बाण घडविणारा कारागीर येतो, जाळे विणणारा कोळी येतो. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका केली आणि ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीस पूर्ण झाली. तेव्हापासून हे अजगर आणि कोळी आपल्या खेड्यापाड्यांतही गुरुपदाला चढले.

मीही हे प्रकरण पुष्कळ वर्षे सांगत आलो. कीर्तनसेवेला चाळीस वर्षे होत आली. लहानातून मोठे शिकावे, मुंगीकडून शिकावे, गवताच्या काडीकडून शिकावे, असे किती वेळा म्हटले असेल त्याची गणती नाही. श्रोते माना डोलावतात, टाळकरी दाद देतात. पुढे पुढे मला त्या डोलावण्याचाच संशय येऊ लागला. ज्या बोलण्याला कोणीच हरकत घेत नाही, त्याने कोणाचे काही हलतही नसावे. हा संशय आपोआप आलेला नाही. एका म्हातारीने तो माझ्या मनात घातला, आणि तेच आज सांगायचे आहे. पण आधी थोडे पाठशाळेचे.

१९७४ साली मी पाठशाळेत होतो. आमच्या शास्त्रात लौकिक न्याय म्हणून एक प्रकार आहे. सूचीकटाह न्याय घ्या. लोहाराकडे एकजण सुई करायला टाकतो, दुसरा कढई. लोहार आधी सुई करून मोकळा होतो, कारण ते काम थोडे. देहलीदीप न्याय, म्हणजे उंबऱ्यावरचा दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो. स्थालीपुलाक न्याय, म्हणजे भात शिजला की नाही हे पाहायला एकच शीत दाबून पाहतात. वाद मीमांसेचे आणि वेदान्ताचे, पण निवाड्यासाठी शास्त्रकार गेले ते लोहारशाळेत आणि स्वयंपाकघरात. आम्ही मुले मात्र हे न्याय पोथीतून पाठ करीत होतो. स्वयंपाकाची पाळी आळीपाळीने प्रत्येकावर येई. माझ्या पाळीला मी पळीने खालचे एक शीत काढून दाबले. लोण्यासारखे मऊ! न्यायशास्त्राप्रमाणे भात झाला होता. पातेले उतरविले, पंगत बसली, आणि वरच्या भातात कणी राहिलेली निघाली. गुरुजी मुकाट्याने जेवले. हात धुताना एवढेच म्हणाले, "स्थाली बरोबर होती रे, पुलाक चुकला." सारे हसले, मीही हसलो. शिकलो मात्र काहीच नाही.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९८७ साली, माळशिरस तालुक्यातल्या एका लहान गावी माघातल्या सप्ताहाला मला बोलावणे आले. चौथ्या आणि पाचव्या रात्रीची अशी दोन कीर्तने माझ्याकडे होती. वय सव्वीस. आवाज खणखणीत, पाठांतर भरपूर, आणि अंगात जेवढा उत्साह तेवढाच ताठा. चौथ्या रात्री मी जात्याचा दृष्टांत लावला. आपणही तो ऐकला असेल. कबीरांच्या नावावर तो सांगतात. जाते म्हणजे संसार. जन्म आणि मरण हे दोन दगड. दाणे म्हणजे आपण जीव. सगळे भरडले जातात. पण जो दाणा मधल्या खुंट्याला चिकटून राहतो त्याला दगडाचा धक्का लागत नाही. तो खुंटा म्हणजे पांडुरंग! इथे मृदंगावर थाप पडायची आणि गजर व्हायचा, तसा झाला. बायांच्या बाजूला पदर तोंडाशी गेले, थोडी खसखस पिकली. मला वाटले, आनंदाने हसल्या.

ज्या घरी उतरलो होतो तिथे एक सत्तरीची आजी होती. पहाटे काकड्याला जायला उठलो तर ओसरीच्या कडेला ती जात्यावर बसलेली. गावची डीपी जळाल्यामुळे गिरणी तीन दिवस बंद होती आणि सप्ताहाचे पाहुणे घरोघरी. म्हणून कोपऱ्यातले जाते पुन्हा मधे आले होते. मी उभा राहिलो. मनात होते ते स्पष्टच सांगतो: मला स्तुती ऐकायची होती.

"आजी, काल कीर्तनाला होता ना? जात्याचा दृष्टांत ऐकला का?"

"ऐकला की." जाते थांबले नाही. "पर बुवा, खुंटा हातात असतुया. मधी असतो त्यो खिळा."

बाया कशाला हसल्या ते मला तेव्हा कळले. मी म्हटले, बरे, खिळा म्हणा. नावात काय आहे?

"नावाचं ऱ्हाऊ द्या. पर खिळ्यापाशी जे दानं ऱ्हात्यात ते वाचल्यालं न्हाईत वो. त्यांची पाळी यायची असती. मागनं वैरण पडली की त्ये बी फुडं सरकत्यात. आन शेवटाला वरला दगड उचलून जातं झाडलं, की चार दानं निघत्यात खिळ्याभवतीचं. त्ये कोंबड्या टिपत्यात. त्यांची भाकर हुईत न्हाई."

एवढे बोलून ती गप्प झाली असती तर मी ते विनोद म्हणून पुढच्या कीर्तनात वापरले असते. आम्हा कीर्तनकारांना काहीच वाया घालविण्याची सवय नाही. पण तिने जाते थांबविले.

"माझा थोरला माळकरी व्हता. एकादस कधी मोडली न्हाई त्यानं. हिरीचं काम चाललं व्हतं, दरड आली अंगावर. मंग बुवा, त्यो खिळ्यापाशी नव्हता म्हनायचा का?"

आवाजात राग नव्हता, रडे नव्हते. जिन्नस कितीला म्हणून विचारावे तसे तिने विचारले. आदल्या रात्री मंडपात बसून तिने माझे ते वाक्य ऐकले होते, लोकांनी गजर केलेला ऐकला होता, आणि घरी येऊन रात्र काढली होती. मला तर बिछान्यावर पडताच झोप लागली होती.

उत्तरे माझ्याजवळ नव्हती असे नाही. प्रारब्धाचा क्षय भोगानेच होतो, ज्ञान्यालाही ते चुकत नाही, हा सिद्धांत मला येत होता. त्याला शास्त्रात दृष्टांतही आहे: कुंभाराने काठी काढून घेतली तरी चाक वेगाने काही काळ फिरतच राहते. ओठापर्यंत आले. पण मनात म्हटले, जात्याची ही गत झाली. त्या चाकाजवळ तरी मी कधी बसलो आहे?

मी उभाच होतो. ती म्हणाली, "बसा. हात लावा जरा, मला बी हलकं हुईल."

धोतर सावरून समोर बसलो. दोघांनी एका खुंट्याला धरायचे, तिचा हात खाली, माझा वर. डाव्या हाताने ती वैरण घालीत होती. पहिल्या पाचदहा फेऱ्या सोप्या गेल्या. मग दंड भरून आले. मी जोर लावू लागलो, तर ती म्हणे, जोर नको, वढ सारखी ठिवा. वैरणीचे काम तिने थोडा वेळ मला दिले. मी मूठभर जोंधळा ओतला आणि जाते जड होऊन भरड पडू लागली. मग भिऊन चार चार दाणे टाकू लागलो, तर दगडावर दगड घासू लागला. "कच पडंल पिठात," ती म्हणाली. जास्त नाही, कमी नाही, आणि फेरा मोडायचा नाही. मध्येच ती ओवी म्हणू लागली. ओवीचा विसावा कोठे येतो हे मी अक्षरे मोजून विद्यार्थ्यांना शिकवीत असे. तिथे तो श्वासाबरोबर येत होता, हाताची ओढ जिथे सैल पडते तिथे. अलीकडे हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखावर ओव्या उतरवून घेतल्या आहेत. मी त्यांपैकी काही वाचल्या. पण ज्याचा दंड एकदा भरून आला आहे त्याला त्या निराळ्या ऐकू येतात.

पाव तासात तळहाताला फोड आला आणि काकडा चुकला.

आता यातला विचार मांडतो. गौतमांच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत दृष्टांत हा एक. त्याचे लक्षण असे केले आहे की, ज्या गोष्टीविषयी साधा लौकिक मनुष्य आणि शास्त्राची परीक्षा करणारा या दोघांची समजूत एक ठरते, ती गोष्ट दृष्टांत होय. हे लक्षण मी परीक्षेत लिहिले होते, गुणही चांगले पडले होते. पण त्यात एक अट दडलेली आहे ती कधी दिसली नाही. दोघांची समजूत एक आहे हे ठरविण्यासाठी त्या लौकिक माणसाला एकदा विचारावे लागते! जात्याच्या बाबतीत लौकिक कोण? जी दळते ती. मी तिला विचारले नव्हते. माझ्या दृष्टांताला परीक्षक होता, लौकिक नव्हता. म्हणजे शास्त्राच्याच मापाने तो दृष्टांत नव्हता.

त्याच रात्री माझे दुसरे कीर्तन होते आणि निरूपणाला नेमके अवधूताचे प्रकरण ठरलेले. आजी खांबाला टेकून बसली होती. मी कुमारिकेच्या गुरुत्वापर्यंत आलो. एका घरी मुलीला पाहायला पाहुणे येतात. घरचे बाहेर गेलेले. पाहुण्यांसाठी ती आत एकांतात साळी कांडू लागते, तर हातातली कांकणे वाजतात. ती एकेक कांकण उतरविते. दोन राहिली तरी वाजतात; एक राहते तेव्हा आवाज थांबतो. अवधूत म्हणतो, पुष्कळ एकत्र आले की कलह, दोघे असले तरी बोलणे. म्हणून एकट्याने असावे. हे मी नेहमी झरझर सांगून एकांताच्या महिम्याकडे वळत असे. त्या रात्री वळता येईना. ती मुलगी कांकणे का उतरविते? भागवतातच सांगितले आहे: तिला त्या आवाजाची लाज वाटते. पाहुण्यांसाठी भात आहे, पण तो अजून साळीतच आहे, आणि कांडायला दुसरे कोणी नाही. हे दारिद्र्य बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ती एका हाताने कांकणे काढते आणि दुसऱ्या हाताने मुसळ चालू ठेवते. इतकी वर्षे मी एकांत सांगत होतो आणि ती मुलगी मला दिसलीच नव्हती. मी थांबलो तेव्हा मृदंगवाल्याला वाटले, मी चरण विसरलो. त्याने बिचाऱ्याने ठेका धरून मला सावरून घेतले.

अवधूताला ती दिसली नसेल असे मी म्हणणार नाही. त्याने तिला दृष्टांत म्हटलेले नाही, गुरू म्हटले आहे, आणि हा भेद मला फार मोठा वाटतो. दृष्टांत आपल्या सेवेला असतो. आपला सिद्धांत आधी ठरलेला, त्याला शोभेल एवढाच भाग घ्यायचा आणि बाकीचा टाकायचा. गुरूचे तसे नाही. तो आपले वाक्य मोडू शकतो. अजगराला, कोळ्याला, कांडणाऱ्या मुलीला गुरू म्हणायचे, तर त्यांच्याकडून खोटे ठरण्याची तयारी ठेवावी लागते. नुसते 'लहानातून शिकावे' म्हणणारा बहुधा आधीच ठाऊक असलेले पुन्हा ऐकत असतो. ते फक्त मुंगीच्या तोंडून आले की गोड लागते.

माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी हे ऐकून हरकत घेतली, आणि ती हलकी नाही. ते म्हणाले, "बुवा, दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणून डागही घ्यायचा नसतो. जात्यातून घ्यायचे ते आश्रयाचे महत्त्व. कोंबड्यांपर्यंत जायचे कारण नाही." शास्त्रदृष्ट्या हे बरोबर आहे. सर्वांगी दृष्टांत मागितला तर जगात दृष्टांतच उरणार नाही. मी पुष्कळ दिवस यावर विचार केला. माझे म्हणणे एवढेच: चंद्राचा डाग सोडला तर चंद्राला दुःख होत नाही. पण जो देश आपण सोडला त्यात माणूस बसलेला असला तर? त्या रात्री मी खिळ्याजवळचे चार दाणे उचलले आणि सूपभर दाणे सोडले. त्या सोडलेल्यांत तिचा मुलगा होता. भरडला तो अभक्त, असे मी म्हटले नव्हते. पण माझ्या वाक्यातून ते सरळ निघत होते, आणि ते ऐकायला मांडवात ती एकटीच होती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही मंडळी हल्ली म्हणतात की पोथ्या गुंडाळा, अडाण्याचे तेवढे खरे. हे मला पटत नाही. आजीने माझा दृष्टांत मोडला, भक्ती मोडली नाही. ती स्वतः माळकरी होती आणि खिळा सोडा असे तिने म्हटले नाही. तिचे म्हणणे मला असे समजले की, खिळ्याशी राहणे म्हणजे दळण चुकणे नव्हे. सूत्रातले लक्षण मला पाठ नसते तर तिने नेमके काय मोडले हेही मला कळले नसते. पोथी आणि जाते दोन्ही लागतात.

आपल्या परंपरेत हे नवीन नाही. आपणच त्यावरून घाईने पुढे जातो. तेरच्या गोरोबाकाकांची कथा पहा. संतमंडळी जमलेली, आणि परीक्षा घ्यायला हत्यार कोणते? मडकी घडविण्याचे थापटणे. कच्चे कोण हे कुंभाराच्या हाताने ठरले, आणि नामदेवरायांना ते झोंबले तरी त्यांनी शेवटी मानले. त्यातूनच ते विसोबा खेचरांकडे गेले. जनाबाईंचे तर सर्वांना ठाऊक आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला त्यांचे म्हणून जाते दाखवितात. वारीत आपण तिथे माथा टेकवितो. त्या कथेत देव काय करतो? जात्यावर निरूपण करीत नाही. समोर बसतो आणि दळू लागतो. मी तीसेक वेळा हे कीर्तनात सांगितले असेल, पण फोड आल्याशिवाय मला त्यातली देवाची बसण्याची जागा दिसली नाही.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहान-मोठा पाहत नाही. फार सुंदर रीत आहे. पण पायाला हात लावल्यावर त्या माणसाचे ऐकायला आपण किती वेळ थांबतो? मी तर बहुतेक वेळा पुढच्या पायांकडे वळलेला असतो. कीर्तनाचे मोल घेऊ नये असे सांगणारा आमचा संप्रदाय; त्याला आम्ही आता पाकीट म्हणतो आणि घेतो. त्या गावीही घेतले. जात्याच्या दृष्टांतावर मला पैसे मिळाले होते आणि जे मला जाते म्हणजे काय हे शिकविणारे, त्याला काही द्यावे हे सुचलेदेखील नाही. ही खंत आहे. पुढे १९९४ मध्ये त्या बाजूला गेलो तेव्हा आजी नव्हती. जाते परड्यात उताणे पडले होते. सूनबाई म्हणाल्या, लग्नाच्या हळदीला तेवढे धुऊन घेतो.

तो दृष्टांत मी सोडला. मध्यंतरी एका सप्ताहात मंडळींनी आग्रहच केला, बुवा, खुंट्याजवळचा दाणा सांगा. मग सगळे सांगितले, खिळा, कोंबड्या, आजीचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही हेही सांगितले. गजर झाला नाही. मृदंगावर थाप कोठे द्यायची हे त्या मुलाला समजेना. कीर्तन संपल्यावर एक प्रौढ गृहस्थ आले. मला वाटले, रागावतील. पण ते पाया पडून तसेच उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. मीही त्या दिवशी पुढच्या माणसाकडे वळलो नाही.

एक सांगायचे राहिले. त्या पहाटे मी पाडलेली भरड आजीने फेकली नाही. पीठ चाळून घेतले, आणि चाळणीत जे उरले ते बाजूच्या पितळीत काढून ठेवले. दुपारी जेवायला बसलो तर पाहुण्यांच्या पानात भाकरी आणि माझ्या पानात भाकरीबरोबर जोंधळ्याच्या कण्या, वर ताक. मी तिच्याकडे पाहिले. ती दुसऱ्याला वाढीत होती. कण्या चांगल्या झाल्या होत्या, मी दोनदा मागून घेतल्या.